बॉयलरचं बटण ८० वरून ५५ वर: गॅसचं हीटिंग आणि गरम पाणी बेतानं कसं वापरावं (इंग्लंड)

रेडिंगकर | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

घड्याळं मागे गेली, साडेचारलाच अंधारून यायला लागलं आणि आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षीचा प्रश्न पडला: "हीटिंग कितीवर ठेवता?" तिथली उत्तरं दोन दिवसांत वाहून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी आमच्या घराबद्दल. १९६०च्या दशकातलं सेमी (एका बाजूनं शेजारच्या घराला जोडलेलं घर), तीन बेडरूम, पोकळ भिंतींत इन्सुलेशन भरलेलं, स्वयंपाकघरात कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा). माणसं चार.

"कितीवर ठेवता" या प्रश्नात दोन आकडे एकत्र झालेले असतात. भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांगतो खोली किती गरम हवी. बॉयलरवरचं बटण सांगतं रेडिएटरमध्ये, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलमध्ये, पाणी किती गरम सोडायचं. पहिल्या आकड्यावरून घराघरात वाद होतात, दुसऱ्याकडे कुणी बघतही नाही. मीही सहा वर्षं बघितलं नव्हतं. बॉयलर बसवणाऱ्यानं ते ८० वर ठेवलं होतं आणि ते तिथेच राहिलं.

इंग्लंडात २००५ पासून बसणारे जवळजवळ सगळे बॉयलर कंडेन्सिंग जातीचे आहेत. गॅस जळला की वाफ तयार होते आणि त्या वाफेत गॅसच्या एकूण उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा अडकलेला असतो. रेडिएटरमध्ये फिरून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तर ती वाफ बॉयलरच्या आतच थंड होते, तिचं पाणी होतं आणि अडकलेली उष्णता आपल्याला मिळते. ८० नं पाणी सोडलं तर ते परत येतानाही ६०-६५ असतं. मग वाफ तशीच धुराड्यातून बाहेर जाते. म्हणजे कंडेन्सिंग बॉयलर विकत घ्यायचा आणि त्याला कंडेन्स करूच द्यायचं नाही, असा प्रकार बहुतेक घरांत चालू आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्ती फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटाची आहे.

मी दोन वर्षांपूर्वी बटण ५५ वर आणलं. पहिला फरक कानाला जाणवला. बॉयलरखालून बाहेरच्या गटारात जाणारी पांढरी प्लॅस्टिकची नळी आहे. ती आधी कधीमधी ठिबकायची, आता बॉयलर चालू असताना दर काही मिनिटांनी गुळगुळ आवाज करत पाणी सोडते. ते पाणी म्हणजे वाचलेली उष्णता. दुसरा फरक हाताला. रेडिएटरला आधी हात लावला की चटका बसायचा, आता तळवा आरामात टेकवून ठेवता येतो. खोली मात्र तेवढीच गरम होते, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून सकाळची वेळ साडेसहाऐवजी साडेपाच केली.

बचत किती? दोन जानेवारी सारख्या थंडीचे नसतात, त्यामुळे बिलाला बिल लावून उपयोग नाही. मी मीटर रोज लिहून ठेवलं आणि बाहेरचं तापमान सारखं असलेले दिवस जुळवले. हीटिंगचा गॅस आमच्याकडे दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाला. २०२२ च्या हिवाळ्याआधी नेस्टा या संस्थेनं कॉम्बीचं फ्लो टेंपरेचर (बॉयलर रेडिएटरला सोडतो त्या पाण्याचं तापमान) ६० वर आणा अशी मोहीम चालवली होती, तीही याच कारणासाठी.

करायचं कसं: बॉयलरवर दोन चिन्हं असतात, रेडिएटरचं आणि नळाचं. रेडिएटरचं बटण दोन-दोन दिवसांनी ५ अंशांनी खाली आणा. घर ठरल्या वेळेत गरम होईना झालं की एक पायरी वर या. तोच तुमच्या घराचा आकडा. कडाक्याच्या आठवड्यात ६०-६५ करावं लागेल, मार्चमध्ये ४५ ही पुरेल.

हे फक्त कॉम्बीसाठी आहे. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी थांबा, त्यांचं गणित वेगळं आहे.

---

मृदुला_लेस्टर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

अगदी वेळेवर धागा काढलात दादा. आई-बाबा सांगलीहून ८ डिसेंबरला येताहेत, पहिल्यांदाच हिवाळ्यात. घर भाड्याचं, व्हिक्टोरियन टेरेस (रांगेतलं जुनं घर), भिंती पोकळ नाहीत. मी भाडेकरू असून बॉयलरला हात लावला तर चालतं का? आणि पाणी कमी गरम सोडलं तर त्यांना थंडी वाजणार नाही का? वरची मागची खोली त्यांना देणार आहे, आणि तीच सगळ्यात गार असते.

---

रेडिंगकर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४८

@मृदुला, बाहेरची बटणं फिरवायला भाडेकरूला काहीच अडचण नाही. झाकणाचे स्क्रू मात्र काढायचे नाहीत, ते काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या माणसाचंच. घरमालकानं दर वर्षी गॅसची तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि तपासणीनंतर २८ दिवसांत तिची प्रत तुम्हाला मिळायला हवी. मिळाली नसेल तर आई-बाबा यायच्या आधी मागून घ्या.

थंडीचं म्हणाल तर वयस्कर माणसांच्या बाबतीत काटकसर करूच नका. थर्मोस्टॅट २१ ठेवा. फ्लो कमी केल्यानं खोलीचं तापमान कमी होत नाही, तिथे पोचायला वेळ लागतो इतकंच. तुमच्या भिंती बघता ५५ पुरणार नाही, ६५ पासून सुरुवात करा.

मागच्या खोलीतला रेडिएटर वरून गार आहे की खालून? हात लावून सांगा.

---

थंडीवारा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मँचेस्टर. माझं मत वेगळं आहे. हीटिंग चोवीस तास चालू ठेवावं. गार झालेलं घर पुन्हा तापवायलाच जास्त गॅस लागतो. आमच्या शेजारचे आजोबा चाळीस वर्षं असंच करताहेत.

---

स्वातीनक्षत्र | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

मेकॅनिकल इंजिनिअर आहे, म्हणून यावर थोडं सविस्तर.

घरातून उष्णता किती बाहेर जाते हे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत २० आणि बाहेर ५ असताना जेवढी जाते, त्यापेक्षा आत १६ असताना कमी जाते. म्हणजे घर गार होत असताना ते कमी गमावतं. पुन्हा तापवायला लागणारा गॅस त्या वाचलेल्या गॅसपेक्षा जास्त होत नाही. दिवसभर घरी कुणी नसेल तर चोवीस तास चालू ठेवणं महागच.

पण @थंडीवारा यांच्या म्हणण्यात एक खरी बाब आहे. जे लोक दोन तास ८० अंशांचं पाणी सोडून घर तापवतात आणि बंद करतात, त्यांचा बॉयलर कंडेन्स होतच नाही. त्यापेक्षा ५० अंशांचं पाणी सलग सहा तास सोडलेलं कधी कधी परवडतं. जाड दगडी भिंतींच्या घरात भिंतही ऊब धरून ठेवते. तेव्हा रात्री पूर्ण बंद न करता १६ वर सोडून द्या, हा माझा मधला मार्ग. दमट घरांसाठी तर तोच बरा, कारण गार भिंतीवर वाफ बसते आणि बुरशी धरते. आपल्याकडे रोज कुकरच्या शिट्ट्या होतात, घरात कपडे वाळतात. स्वयंपाक करताना पंखा लावा आणि नंतर दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. दिवसभर खिडकी फटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

अजून एक. फ्लो कमी केल्यावर रेडिएटर उष्णता किती देतो? पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त असताना जेवढी देतो, त्याच्या साधारण निम्मी ३० अंशांच्या फरकाला देतो. म्हणून लहान रेडिएटर असलेल्या खोल्या आधी तक्रार करतात. तिथे बॉयलर वाढवण्यापेक्षा त्या एका खोलीत दुहेरी पॅनेलचा रेडिएटर बसवणं शहाणपणाचं. पुढे कधी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर ही फुकटची चाचणीही होते. ५० वर घर गरम राहत असेल तर ते हीट पंपाला तयार आहे.

---

थंडीवारा | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

रात्री १६ वर सोडून बघतो. आठवडाभर मीटर लिहीन.

---

पितळी_बंब | ४ नोव्हेंबर, रात्री ८:२२

हॅरो, लंडन. हीटिंगवर चांगलं लिहिलंय, मी गरम पाण्यावर लिहिते.

आजोळी परसात तांब्याचा बंब होता. पाणी कढत यायचं, म्हणून बादलीत विसण घालूनच आंघोळ. इथेही बऱ्याच घरांत तेच चालतं. बॉयलरवरचं नळाचं बटण ६० वर, आणि शॉवरमध्ये गार पाणी मिसळून ४० करायचं. कॉम्बीला याची गरजच नाही. पाणी साठत नाही, नळ उघडला की त्या क्षणी तापतं. बटण ४५-४८ वर आणा, विसण लागणार नाही इतपत. लंडनचं पाणी जड आहे, जास्त तापवलं की बॉयलरच्या आत क्षार धरतात. आमच्या किटलीत महिन्याभरात पांढरा थर येतो, तोच तिथेही बसत असणार.

आता आंघोळीचं गणित. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला १.१६ वॉट-तास लागतात, आणि हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. हिवाळ्यात नळाचं पाणी १० अंश धरा. १८ लिटरची बादली ४१ पर्यंत: ०.६५ युनिट. मिनिटाला ९ लिटर देणारा शॉवर आठ मिनिटं: ७२ लिटर, २.६ युनिट. टब १०० लिटर भरला तर ३.६ युनिट. बॉयलरमध्ये वाया जाणारं यावर वेगळं. चौघांच्या घरात शॉवर आणि बादली यांत दिवसाला आठ युनिटांचा फरक पडतो. मी बादली-तांब्या इथेही सोडला नाही. मुलं शॉवर घेतात, त्यांच्यासाठी पाणी कमी सोडणारं शॉवरचं तोंड बसवलंय. (विजेच्या शॉवरला ते बसवू नका.)

सगळ्यात जास्त गॅस न दिसता जातो तो एकदांडी नळात (एकाच दांडीनं गार-गरम मिसळणारा). दांडी मधोमध ठेवून नळ उघडला की बॉयलर पेटतो. दहा सेकंद हात धुतले, गरम पाणी अजून वाटेतच, आणि आपण नळ बंद. ते गरम पाणी पाइपात गार होतं. १५ मिलिमीटरच्या दहा मीटर पाइपात दीड लिटर पाणी असतं. दिवसातून वीस वेळा असं होतं धरून हिशेब करा. आमच्या बेसिनवर मी दांडी कायम गारकडे वळवलेली असते, आणि पाहुण्यांनाही सांगते. त्याच कारणानं आंघोळी एकामागोमाग उरकायच्या, म्हणजे पाइप एकदाच तापतो. गरम पाणी यायच्या आधीचं गार पाणी बादलीत धरते, ते कुंडीतल्या कढीपत्त्याला.

बॉयलरवर इको असं बटण असेल तर ते चालू ठेवा. नाहीतर नळ उघडल्याबरोबर गरम पाणी मिळावं म्हणून तो दिवसभर थोडा थोडा वेळ पेटत राहतो. रात्री दोन वाजता कुणी नळ उघडलेला नसताना बॉयलरचा आवाज येत असेल तर बहुधा हेच कारण.

---

ग्लासगोचीकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

टाकीवाल्यांसाठी. आमच्याकडे कपाटात गरम पाण्याची टाकी आहे. तिचा थर्मोस्टॅट ६० च्या खाली आणू नका. साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतात. टाकी ६० करायची तर बॉयलरनं निदान ६५-७० नं पाणी सोडायला हवं, म्हणून रेडिंगकरांचा ५५ आम्हाला लागू नाही. आम्ही टाकीला ८० मिलिमीटर जाडीचं जॅकेट घातलं आणि वेळ रोज पहाटे एक तास केली. आधी ती दिवसभर तापत होती.

---

नाना_कोथरूड | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:३० (भारतीय वेळ)

मी पुण्यातून वाचतोय. इथे घर तापवायची वेळ येत नाही, पण गॅस गीझर घरोघरी आहे, म्हणून माझी भर.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. २० लिटरची बादली २२ वरून ४२ अंशांवर न्यायला, गीझरचं नुकसान धरून, अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त लागतं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये तीनेकशे बादल्या. पाइपच्या गॅसला हेच गणित.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून लांबलचक आंघोळ केली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माझ्या पुतण्याला आठ वर्षांपूर्वी असंच झालं. दार आतून बंद, आतून पाणी पडल्याचा आवाज, हाकेला उत्तर नाही. दार फोडून काढला म्हणून वाचला. गीझर बसवणाऱ्यानं तो आतच लावला होता आणि झरोका काचेनं बंद केलेला होता. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नका. गीझर बाहेर गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत लावा, पाइप आत घ्या. तसं करता येत नसेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मग आंघोळीला जा. गॅसचा वास आला तर इथे १९०६ वर फोन.

---

रेडिंगकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१४

नाना, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मूळ धाग्यात मीच लिहायला हवं होतं.

इथल्यांसाठी: बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात तो देणं घरमालकाचं काम आहे. @मृदुला, तुमच्याकडे आहे का बघा. ज्वाला निळीऐवजी पिवळी दिसली, बॉयलरभोवती काजळी धरली किंवा घरात असताना सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं आणि बाहेर पडल्यावर थांबलं, तर बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर, आणि ०८०० १११ ९९९ वर फोन. दरवर्षीच्या सर्व्हिसच्या खर्चात काटकसर करू नका.

---

एडिसनची_माधवी | ५ नोव्हेंबर, रात्री १०:००

न्यू जर्सीत आमच्याकडे रेडिएटर नाहीत, फर्नेस गरम हवा फेकते. आमच्या हातात एवढंच की हवेचा फिल्टर वेळेवर बदलायचा. तीन महिने विसरले होते, काढला तेव्हा गोधडीसारखा जाड झाला होता. बदलल्यावर वरच्या मजल्यावर पुन्हा हवा पोचायला लागली.

---

मृदुला_लेस्टर | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

अलार्म नव्हता, घरमालकाला मेल केला, त्यांनी शनिवारी आणून लावला. तपासणीची प्रतही पाठवली.

मागच्या खोलीतला रेडिएटर वरून गार, खालून गरम. बॉयलरवरचा पाण्याच्या प्रेशरचा काटा ०.८ वर.

---

रेडिंगकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

वरून गार म्हणजे आत हवा अडकलीय. खालून गार असता तर गाळ म्हटलं असतं, आणि त्याला माणूस बोलवावा लागतो.

हवा काढायला हीटिंग बंद करा, पाणी गार होऊ द्या. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी खिळ्यासारखं डोकं असतं, त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली जुना टॉवेल धरा, कारण पाणी काळं येऊ शकतं आणि गालिच्यावरचा डाग जात नाही. किल्ली पाव वळसा फिरवा. फुस्स आवाज येईल. आवाज थांबून पाण्याची धार सुरू झाली की लगेच बंद. किल्ली पूर्ण फिरवू नका, स्क्रू हातात आला तर पाणी थांबवता येत नाही.

मग प्रेशर, ०.८ कमी आहे. बॉयलरखाली वेणीसारखी विणलेली चंदेरी नळी असते, तिच्या टोकांच्या चाव्या हळू उघडा, काटा १ ते १.५ च्या मध्ये आला की दोन्ही घट्ट बंद करा. काटा दर आठवड्याला पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, तेव्हा घरमालकाला कळवा.

---

थंडीवारा | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

आठवडा झाला. बाहेर सरासरी ७ अंश असलेले दिवसच धरले. चोवीस तास चालू असताना दिवसाला ५.१ घनमीटर, रात्री १६ वर सोडल्यावर ४.५. एका घनमीटरचे अकरा युनिट धरले तर दिवसाला साडेसहा युनिट वाचले. सकाळी घर १७.५ च्या खाली गेलं नाही. शेजारच्या आजोबांनाही आकडे दाखवले, त्यांचं मत बदललं नाही. त्यांचं वय ८६, त्यांना ऊबच हवी, मी जास्त बोललो नाही.

---

पितळी_बंब | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

घनमीटरवरून युनिट काढलेत ते छान. बिल पौंडांत बघूच नये. ऑफजेमची (इथला वीज-गॅसचा नियामक) दरमर्यादा दर तीन महिन्यांनी बदलते, त्यामुळे पौंड वाढले म्हणजे वापर वाढला असं नसतं. आणि ती मर्यादा युनिटच्या दराला आहे, एकूण बिलाला नाही. जुलैचा आकडा लिहून ठेवा. तेव्हा हीटिंग बंद असतं, म्हणजे तो बहुतेक गरम पाण्याचाच आकडा. जानेवारीतून तो वजा केला की हीटिंगचा उरतो.

---

साउथॉलकर | १३ डिसेंबर, सकाळी ६:५५

तातडीचं. बाहेर उणे ५. बॉयलर बंद पडलाय, आतून खदखद आवाज येतोय. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे.

---

स्वातीनक्षत्र | १३ डिसेंबर, सकाळी ७:०२

बहुधा बाहेरची पांढरी नळी गोठलीय, कंडेन्स झालेलं पाणी तुंबलंय. नळी जमिनीच्या पातळीला असेल, हात पोचत असेल तरच हे करा. कोमट पाणी, उकळतं नाही, भांड्यानं नळीवर बाहेरून हळूहळू ओता. कोपरे आणि शेवटचं टोक आधी. मग बॉयलर रीसेट करा. ओतलेलं पाणी पायवाटेवर गोठतं, मीठ टाका. तोवर बाळाला एकाच खोलीत ठेवा, दार बंद.

---

साउथॉलकर | १३ डिसेंबर, सकाळी ७:४०

चालू झाला!! तिसऱ्या भांड्याला. शतशः आभार. नळीला आज फोम गुंडाळतो.

---

मृदुला_लेस्टर | ११ जानेवारी, रात्री ९:१५

आई-बाबा येऊन महिना झाला. थर्मोस्टॅट २१, फ्लो ६५, मागच्या आठवड्यातल्या थंडीत ७०. हवा काढल्यावर मागचा रेडिएटर वरपर्यंत गरम होतो. बादली घेतलीय, बाबा खूश आहेत, शॉवर त्यांना कधीच आवडला नाही. आई भोगीच्या दिवशी तीळ लावून अभ्यंग करणार म्हणतेय, त्या दिवशी पाणी मोजणार नाही.

घरात दोन माणसं वाढली, दिवसभर हीटिंग चालू, तरी डिसेंबरचा गॅस मागच्या वर्षीपेक्षा फक्त ६० युनिट जास्त.

एक प्रश्न राहिलाय. खालचा हॉल लवकर तापतो, वरच्या खोल्यांना अजून तासभर जास्त लागतो.

---

रेडिंगकर | ११ जानेवारी, रात्री ९:५०

हॉलचा रेडिएटर जास्त पाणी ओढतोय. त्याच्या ज्या टोकाला आकडे नाहीत, साधी प्लॅस्टिकची टोपी आहे, ती ओढून काढा. आत लॉकशील्ड व्हॉल्व्ह दिसेल. सध्या तो किती वळसे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा, मग पान्यानं पाव वळसा बंदच्या दिशेनं फिरवा. एवढंच. एक दिवस थांबा, मग पुन्हा पाव. एका दिवसात दोनदा फिरवलं तर कशानं काय झालं ते कळत नाही.

---

मृदुला_लेस्टर | १२ जानेवारी, रात्री ८:०५

अडीच वळसे उघडा होता, आता सव्वादोन. उद्या सकाळी बाबा वर थर्मामीटर बघणार आहेत.